देवाची प्रीती बिनशर्त असेल, तर पश्चात्ताप ही अट नव्हे काय?

नगरकरीण (मूळ प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. मी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या घरात वाढले. ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य आमच्या दाराच्या चौकटीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेले होते आणि मी अक्षरे जुळवायला शिकले ती त्याच तीन शब्दांवर. इतक्या वर्षांत त्या वाक्याविषयी मला कधी प्रश्न पडला नव्हता. तो आता पडला आहे.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ वारला. जवळजवळ पंधरा वर्षे तो दारूच्या आहारी गेलेला होता. वडील हयात असतानाच त्याने वाटणीचा हट्ट धरला, वाट्याला आलेली जमीन विकली, पैसे शहरात उडवले आणि शेवटचे पाच महिने यकृताचा आजार घेऊन घरी परत आला. त्याचे अंथरूण-पांघरूण, पथ्यपाणी आणि रात्रीची जागरणे हे सर्व आईने केले. दवाखान्याचा खर्च मी केला.

दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी ‘देवाचे प्रेम बिनशर्त आहे’ या विषयावर उपदेश केला आणि आम्हाला मोठा धीर आला. त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्याच घरी प्रार्थनासभा झाली. तिच्यात बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी आईच्या समोर असे सांगितले की, ज्याने शेवटच्या घटकेपर्यंत आपल्या तोंडाने पाप कबूल केले नाही, त्याच्यासाठी नंतर काहीही उरत नाही. त्या रविवारपासून आई मंडळीत येत नाही. तिचे गीतांचे पुस्तक खिडकीत जसे ठेवले तसे पडून आहे आणि त्यावरची धूळही ती पुसू देत नाही.

माझा प्रश्न असा आहे. दोघांनीही शास्त्रातील वचने दाखवली. प्रीती जर बिनशर्त असेल, तर पश्चात्ताप, विश्वास आणि आज्ञापालन यांना काय म्हणायचे? त्या अटी असतील, तर ‘बिनशर्त’ हा शब्द वापरून लोकांना खोटा धीर का द्यायचा? कृपा करून समजूत घालणारी उत्तरे देऊ नयेत, कारण समजुती आतापर्यंत पुष्कळ ऐकून झाल्या आहेत.

निवृत्त अध्यापक

ताई, समजूत नको असे आपण म्हटले आहे, म्हणून सरळ शब्दापासूनच सुरुवात करतो. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि रविवारी मंडळीत शास्त्राचा वर्ग घेतला. ‘बिनशर्त’ हा शब्द उपदेशात ऐकला की मला आधी वकिलाची खोली आठवते. माफी बिनशर्त असते, शरणागती बिनशर्त असते, निवडणुकीनंतरचा पाठिंबाही बिनशर्त असतो. हा करारमदाराच्या भाषेतला शब्द असून पवित्र शास्त्राने तो देवाच्या प्रीतीला कोठेही लावलेला नाही. धर्मशास्त्रात त्याला मानाची जागा मिळाली ती 1618-19 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या शिकवणीमुळे, आणि तेथे तो ‘निवडी’चे विशेषण म्हणून येतो: देव माणसाला निवडतो ते त्या माणसाच्या पुढे दिसणाऱ्या विश्वासामुळे किंवा पुण्याईमुळे निवडत नाही, एवढाच तिथला मुद्दा आहे. आजच्या उपदेशांतला ‘बिनशर्त’ मला बराचसा मानसोपचाराच्या भाषेतून, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1950 च्या दशकात रूढ केलेल्या कल्पनेतून, आलेला वाटतो. हे माझे मत आहे. त्यावर कोणी वाद घातला तर माझी हरकत नाही.

शास्त्राचा स्वतःचा शब्द फार साधा आहे, आणि तो म्हणजे ‘फुकट’. ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ असे प्रभूने शिष्यांना सांगितले, आणि प्रकटीकरणाच्या अखेरच्या अध्यायात जीवनाचे पाणीदेखील फुकटच घ्यायला सांगितले आहे. आपल्याकडे फुकट म्हटले की मालाविषयी शंका येते, म्हणून उपदेशक तो शब्द टाळत असावेत.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भावाची हकीकत वाचताना कोणालाही लूकच्या 15 व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे वाटणी उधळून, कंगाल होऊन घरी परतणाऱ्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट, आठवेल, आणि तो आपल्याला आतापर्यंत अनेकांनी ऐकवला असेल. तरीही त्यातील एक जागा आपण पुन्हा काढून पाहावी, अशी विनंती करतो. डुकरे चारत असताना तो मुलगा बापासमोर काय बोलायचे याची मनात जुळवाजुळव करतो. त्याच्या भाषणात तीन गोष्टी आहेत: मी स्वर्गाविरुद्ध व आपणांविरुद्ध पाप केले आहे, आपला पुत्र म्हणवून घ्यायला मी आता योग्य नाही, आणि मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा. हे 18 व्या आणि 19 व्या ओवीत आहे. मग तो घरी येतो आणि 21 व्या ओवीत बोलू लागतो. तेथे पहिली गोष्ट आहे, दुसरी आहे, पण तिसरी नाही. बापाने तोपर्यंत चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगितलेलेही आहे.

ती तिसरी गोष्ट म्हणजेच अट होती. पोराने ती स्वतः लिहून आणली होती: मुलगा म्हणून नको, रोजावर ठेवा, काम करून फेडीन. बापाने तिला नकारसुद्धा दिला नाही. ती उच्चारली जाण्याआधीच जोडे मागवले. त्या काळी घरातील दास अनवाणी वावरत असत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे जोडे कशासाठी मागवले हे कळते. आपण विचारता की अट कोणाची. या दाखल्यापुरते तरी उत्तर असे आहे की अट घेऊन आला तो मुलगा.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट अशी की, तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले आणि त्याला कळवळा आला. येथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते ‘स्प्लांख्ना’ म्हणजे आतडी या शब्दापासून झालेले आहे. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर पाहून प्रभूला जे झाले, ते सांगायलाही लूकने हेच क्रियापद वापरले आहे. इंग्रजी भाषांतरकारांना येथे बरेच शब्द शोधावे लागले. आपल्याला लागत नाहीत, कारण आपल्याकडे माया आतड्याचीच असते आणि तुटते तेही आतडेच. मुलाने तोंड उघडण्यापूर्वी, त्याच्या मनात खरा पस्तावा आहे की नुसती भूक आहे याची चौकशी होण्यापूर्वी, म्हाताऱ्याचे आतडे तुटले आणि तो पळत सुटला. धोतराचा सोगा हातात धरून भर रस्त्याने पळणारा गावचा प्रतिष्ठित म्हातारा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ऐकणाऱ्या परूशांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, ते किती अशोभनीय वाटले असेल हे ध्यानात येईल.

मग पश्चात्ताप कोठे गेला? त्याच अध्यायात आधी दोन छोटे दाखले आहेत, ते आपण घाईघाईने वाचतो. हरवलेले मेंढरू काही करत नाही; त्याला खांद्यावर टाकून आणले जाते. हरवलेले नाणे तर निर्जीवच आहे; बाई दिवा लावते, घर झाडते आणि कोपऱ्यातून ते शोधून काढते. तरीही दोन्ही दाखल्यांच्या शेवटी प्रभू म्हणतो की पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल स्वर्गात आनंद होतो. नाणे कसला पश्चात्ताप करणार? याचा मी लावलेला अर्थ असा की, प्रभूच्या लेखी पश्चात्ताप म्हणजे आधी सापडणे आहे. प्रीती मिळावी म्हणून भरायची ती किंमत असती, तर नाण्याचा दाखला त्याने सांगितलाच नसता. पोराने ताटावर येऊन बसावे लागते, पण ताटावर बसणे ही जेवणाची अट आहे असे कोणतीही आई म्हणत नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1518 साली हायडेलबर्ग येथे वादासाठी जी सूत्रे मांडली, त्यांतील 28 वे सूत्र याच अंगाने जाते: देवाच्या प्रीतीला आवडण्यासारखे काही आधी सापडत नाही, ते ती स्वतःच घडवते, माणसाची प्रीती मात्र आवडण्यासारखे काही समोर आल्यावरच जागी होते. लूथरच्या सर्व लेखनातून मला एकच वाक्य निवडायला सांगितले, तर मी हेच निवडीन.

प्रश्नचिन्ह

मी ख्रिस्ती घरात वाढलो, आता चर्चमध्ये जात नाही. तेव्हा माझे म्हणणे बाहेरच्या माणसाचे समजावे. अध्यापक सरांनी लूकचा अध्याय उत्तम उलगडला आहे, पण शास्त्र त्या एका अध्यायाचे नाही. स्तोत्र 5 मध्ये देव सर्व कुकर्म करणाऱ्यांचा द्वेष करतो असे स्पष्ट लिहिले आहे. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, 9 व्या अध्यायाच्या 15 व्या ओवीत देव स्वतः म्हणतो की मी यापुढे त्यांच्यावर प्रीती करणार नाही. योहानाच्या 15 व्या अध्यायात ‘माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल’ असे येशूचे शब्द आहेत. यातील ‘तर’ या शब्दाला मराठी व्याकरणात काय म्हणतात, हे मराठीच्या शिक्षकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

ताटाचा दृष्टांतही मला पुरेसा वाटत नाही. पोरगा ताटावर आला नाही म्हणून कोणतीही आई त्याला अनंतकाळासाठी घराबाहेर काढत नाही. त्या फिरत्या उपदेशकांचे बोलणे क्रूर होते, हे मला मान्य आहे; पण त्यांनी ते स्वतःच्या पदरचे रचलेले नव्हते, एवढेच मला म्हणायचे आहे.

निवृत्त अध्यापक

‘तर’ला संकेतार्थ म्हणतात, आणि पकड बरोबर आहे. एक मात्र सुचवतो: योहान 15 मध्ये 10 व्या ओवीच्या आधी 9 वी ओवी आहे. तेथे ‘जशी पित्याने माझ्यावर प्रीती केली, तशी मीही तुमच्यावर प्रीती केली आहे’ असे म्हणून मग ‘माझ्या प्रीतीत राहा’ असे सांगितले आहे. ज्या घरात अजून पाऊल टाकलेले नाही, तेथे राहायला कोणी सांगत नाही. ताटाच्या दृष्टांताविषयीची आपली हरकत मात्र मी खोडून काढू शकत नाही. शेवटच्या न्यायाविषयी ख्रिस्ती मंडळ्यांचे आपसात एकमत नाही आणि मीही त्याबद्दल छातीठोकपणे बोलत नाही.

वसईचा वाटसरू

मी कॅथोलिक आहे. आमच्याकडे पापनिवेदन हा संस्कारच असल्यामुळे ‘तोंडाने कबूल करणे’ या विषयाशी आमचा संबंध जरा जवळचा आहे. म्हणून आधी त्या उपदेशकांच्या वचनाविषयी बोलतो. त्यांनी बहुधा रोमकरांस पत्र, अध्याय 10 मधील 9 वी ओवी सांगितली असावी. तेथे तोंडाने कबूल करायचे आहे ते ‘येशू प्रभू आहे’ हे. पापांची यादी तेथे कोणी मागितलेली नाही. पापे पदरी घेण्याविषयीचे, म्हणजे कबूल करण्याविषयीचे, वचन योहानाच्या पहिल्या पत्रात आहे आणि त्यात शेवटच्या घटकेची मुदत घातलेली नाही. दोन वचनांचे असे एकत्र गाठोडे बांधले की त्यातून जे निघते ते ऐकणाऱ्याला शास्त्र वाटते, पण ते शास्त्रात नसते. त्याच रोमकरांस पत्रात, दोनच अध्याय मागे, काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असेही लिहिले आहे. यकृताच्या आजाराने मरणारा माणूस शेवटचे काही दिवस ग्लानीत असतो, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘कण्हणे’ हा शब्द कसा वाचावा हे सांगावे लागणार नाही.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या दुसऱ्या चोराचेही उदाहरण पाहा. त्याला बाप्तिस्मा मिळाला नाही, कोणाची भरपाई करायला वेळ मिळाला नाही, आणि क्षमेचा शब्दही त्याने उच्चारला नाही. आपल्याला मिळाले ते आपल्या कर्माचे फळ आहे एवढे तो म्हणाला आणि ‘माझी आठवण कर’ एवढेच त्याने मागितले.

आता होशेय. प्रश्नचिन्ह यांनी 9:15 बरोबर सांगितले आहे, ते तेथे आहेच. परंतु होशेय हे एका बसवलेल्या सिद्धान्ताचे पुस्तक नाही. ते घायाळ झालेल्या नवऱ्याचे आणि बापाचे बोलणे आहे आणि असा माणूस एका दमात सगळे बोलतो. इ. स. पू. आठव्या शतकात, उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य कोसळण्याच्या सुमारास, ज्याची बायको दुसऱ्यांच्या मागे गेली आहे अशा संदेष्ट्याच्या तोंडून देव बोलतो आहे. 9 व्या अध्यायात तो म्हणतो की आता प्रीती पुरे झाली. 11 व्या अध्यायात त्यालाच आठवते की या पोराला मी हाताला धरून चालायला शिकवले होते, आणि मग तो कळवळून विचारतो, ‘एफ्राइमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडून देऊ?’ शिक्षा करावी असे त्याच्या मनात असते आणि त्याचे काळीजच उलटते. पुढे तो जे कारण देतो ते फार विलक्षण आहे: कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. आपण उलटे बोलतो. एखाद्याला क्षमा करता आली नाही की ‘मी काही देव नाही’ असे म्हणतो. अखेर 14 व्या अध्यायात तो म्हणतो की मी त्यांच्यावर आपखुशीने प्रीती करीन. तेथला हिब्रू शब्द, कोणीही मागितलेले नसताना स्वेच्छेने वेदीवर आणल्या जाणाऱ्या अर्पणासाठी वापरला जाणारा शब्द आहे. 9 ते 14 हे सर्व अध्याय शास्त्रातच आहेत. उपदेशकाने कोठे थांबावे, हा त्याच्या काळजाचा प्रश्न आहे.

आमच्या ख्रिस्तसभेविषयी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या आईला उपयोगी पडेल असे वाटते. नरक आहे अशी आमची शिकवण आहे, ती मी लपवत नाही. पण ख्रिस्तसभेने असंख्य संतांची नावे घेऊन ते स्वर्गात आहेत असे जाहीर केले असले, तरी अमुक एक माणूस नरकात गेला असे नाव घेऊन तिने आजवर कोणाविषयीही जाहीर केलेले नाही. तो अधिकार तिने स्वतःकडे घेतलेलाच नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्याकडच्या दफनभूमीत प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लावतात, आणि ज्याच्याविषयी गावात कोणी चांगले बोलत नाही त्याच्या कबरीवरही कोणीतरी लावून जातोच.

कृपेबाबत कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात चारशे वर्षे भांडण चालले, हे सर्वांना ठाऊक आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभा व लूथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा की, देव आपला स्वीकार करतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे. सत्कृत्ये त्या स्वीकारातून येतात. स्वीकाराची किंमत म्हणून नव्हे. आपल्या आईला त्रास दिला त्या विचारावर दोन्ही बाजूंनी फुली मारून आता पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत.

देहूकडचा

मी वारकरी घरातला आहे आणि हा धागा कालपासून वाचतो आहे. बाहेरच्या माणसाने बोलू नये असे वाटत होते, पण प्रश्नचिन्हही बाहेरचेच म्हणवतात, म्हणून धीर केला. हाच वाद आमच्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत फार पूर्वी झाला आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तसे भक्ताने देवाला धरावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून नेते. पहिल्याला मर्कटकिशोर न्याय आणि दुसऱ्याला मार्जारकिशोर न्याय म्हणतात. अध्यापक सरांचे नाणे आणि मेंढरू मला सरळसरळ मांजराच्या बाजूचे दिसतात. माझी शंका एवढीच आहे की, मांजर आपल्याला उचलून नेणारच आहे असे एकदा कळल्यावर माणूस सुधारण्याच्या भानगडीत का पडेल?

केडगावच्या वाटेवर

देहूकडच्या दादांची शंका योग्य आहे, आणि ख्रिस्ती लोकांनीही ती स्वतःला विचारलेली आहे. जर्मनीत हिटलरच्या काळात दीट्रिख बोनहोफर या पाळकांनी 1937 साली ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरून आपल्याच मंडळीला झोडपले होते: पश्चात्तापावाचून क्षमेचा उपदेश, वधस्तंभावाचून कृपा. 9 एप्रिल 1945 रोजी नाझींनी त्यांना फाशी दिले, त्यामुळे कृपा महाग असते हे म्हणण्याचा त्यांचा अधिकार कोणी नाकारणार नाही. फुकट आणि स्वस्त यांत फरक आहे. स्वस्त वस्तूला थोडी का होईना किंमत असते आणि ती आपण दिली, असा आपला समज होतो.

पण दादांच्या शंकेला मला खरे उत्तर मिळाले ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. 1883 साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती धर्मभगिनींच्या आश्रयाला असताना, त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आपले एक गृह पाहायला पाठवले. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकून दिले होते अशा स्त्रियांसाठी ते चालवले जात होते. पूर्वी तशाच अवस्थेत आलेल्या बायका आता तेथे दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाईंनी असे काही आयुष्यात कधी पाहिले नव्हते. तुम्ही या बायकांची इतकी काळजी का घेता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तेव्हा तिने वाद घालण्याऐवजी योहानाच्या शुभवर्तमानाचा 4 था अध्याय वाचून दाखवला: भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. त्या स्त्रीला पाच नवरे होऊन गेले होते आणि आता असलेला तिचा नवराही नव्हता. येशूला हे सर्व माहीत होते. पण ते तो बोलला ते पाणी मागितल्यानंतर आणि जिवंत पाणी देऊ केल्यानंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी तिच्या हातचे पाणी, मग तिचे नवरे.

रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, तेव्हा अशाच स्त्रियांसाठी तेथे कृपासदन नावाचे घर काढले. दादा विचारतात की फुकट मिळाल्यावर माणूस काही का करील. रमाबाईंनी जे केले ते फुकट मिळाल्यावरच केले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. मग एक दिवस आपले सारे बळ संपले असे वाटून आपण तारणाऱ्याला बिनशर्त शरण गेलो, असे त्या लिहितात. येथे बिनशर्त हा शब्द त्यांनी स्वतःच्या शरण जाण्याला लावला आहे. अध्यापक सरांच्या वकिलाच्या खोलीत कदाचित तो तेथेच अधिक शोभेल.

ताई, एक गोष्ट विचारू का? आपण प्रश्न आईच्या वतीने विचारला आहे. दवाखान्याचा खर्च आपण केला, असेही लिहिले आहे. उधळ्या पुत्राच्या त्या दाखल्यात त्याचा मोठा भाऊ अंगणात उभा राहतो, तो ‘इतकी वर्षे मी आपली चाकरी करत आहे’ असे बापाला म्हणतो आणि स्वतःच्या भावाला ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो आणि ‘हा तुझा भाऊ’ असे शब्द बदलून परत देतो. मोठा आत गेला की नाही, हे लूकने सांगितलेले नाही. हे मी टोचण्यासाठी लिहीत नाही. मीही घरातली थोरलीच आहे.

नगरकरीण

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून चार दिवस काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काय आहे ते मला नीट कळत नव्हते.

परवा संध्याकाळी मी आईला लूकचा 15 वा अध्याय वाचून दाखवला. काही समजावून सांगितले नाही. फक्त 18 व्या ओवीपासून सावकाश वाचत गेले. ती शेंगा फोडत बसली होती. 21 वी ओवी झाल्यावर तिचे हात थांबले आणि ‘मागचं परत वाच’ असे ती म्हणाली. मी परत वाचले. तिसऱ्यांदा तिने फक्त मुलाचे बोलणे वाचायला लावले, आधी डुकरांपाशी ठरवलेले आणि मग बापासमोर बोललेले. मग तिने मला जे सांगितले, ते गेल्या वर्षभरात तिने कोणालाच सांगितलेले नव्हते.

भाऊ बेशुद्ध होण्याच्या आदल्या रात्री दवाखान्यात ती एकटीच त्याच्याजवळ होती. त्याने तिचा हात धरून ‘आई, माझ्याकडनं तुला लई...’ असे बोलायला सुरुवात केली होती, आणि तिने त्याला ‘गप, आधी दोन घोट पाणी पी’ असे म्हणून चमचा तोंडाला लावला होता. त्यानंतर तो बोलला नाही. उपदेशकांचे ते वाक्य ऐकल्यापासून आपणच त्याचा पस्तावा त्याच्या तोंडात परत घातला, असे तिच्या मनाने घेतले होते. मंडळीत न जाण्याचे कारण हे होते. उपदेशकांवरचा राग नव्हे, जसे मी वर्षभर समजत होते.

‘म्हंजी त्या बापानंबी त्याला पुरतं बोलू दिलं न्हाई,’ असे ती म्हणाली. मी होय म्हटले. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग शेंगांचे सूप उचलून आत गेली. या रविवारीही ती मंडळीत आली नाही.

केडगावच्या ताईंनी विचारले, त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. होय, दवाखान्याची बिले मी अजून एका पिशवीत ठेवली आहेत आणि ती का ठेवली आहेत, हे मला सांगता येत नाही. तो माझा भाऊ होता हे म्हणताना मला आजही आधी ते पंधरा वर्षांचे आकडे आठवतात. प्रश्नचिन्ह यांच्या हरकतीचे उत्तर मला कोणाच्याच लिहिण्यात पूर्ण मिळाले नाही, हेही नोंदवून ठेवते.

एक विनंती आहे. वसईच्या दादांनी सांगितलेला होशेयचा 11 वा अध्याय आईला वाचून दाखवायचा आहे. पंडिता रमाबाईंनी केलेले भाषांतर, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली पूर्ण प्रसिद्ध झाले, ते खेड्यातल्या बायकांना समजावे अशा सोप्या मराठीत आहे असे ऐकले आहे. त्यातील तो अध्याय कोणाकडे असल्यास त्याचे छायाचित्र येथे टाकावे. अक्षर मोठे दिसेल असे काढावे, कारण आईला तो स्वतः वाचायचा आहे.